अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंचा शोध

पॅरिसमध्ये १८७७ साली श्लोसिंग आणि म्युन्त्झ या दोघांनी वाळू व चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे २० दिवस काहीच घडले नाही. मग खाली उतरणाऱ्या पाण्यातला अमोनिया कमी होऊन नायट्रेट येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. म्हणजे हे काम वाळूतला कोणी तरी सजीव करत होता. पण तो कोणाच्याही हाती लागेना.

तो सर्गेई विनोग्राड्स्की यांना सापडला. १८५६ साली कीव्हमध्ये जन्मलेले विनोग्राड्स्की काही काळ सेंट पीटर्सबर्गमध्ये पियानो शिकले, त्यात मन रमले नाही म्हणून विज्ञानाकडे वळले. स्ट्रासबर्गमध्ये त्यांनी सडक्या अंड्यांसारखा वास येणाऱ्या गंधकयुक्त पाण्यातले जिवाणू अभ्यासले. हायड्रोजन सल्फाइडसारख्या असेंद्रिय पदार्थापासूनही जीव ऊर्जा मिळवू शकतो, हे त्यांच्या लक्षात आले ते तिथेच.

१८८८ मध्ये ते झुरिचला गेले आणि अमोनियाच्या कोड्याला भिडले. त्या काळी जिवाणू वेगळे करायचे ते जिलेटिनवर वाढवून. विनोग्राड्स्की यांनी नेमके उलटे केले. सेंद्रिय अन्न काढून टाकले, फक्त क्षार आणि अमोनिया ठेवला. नमुना जिलेटिनवर पसरून जिथे काहीच उगवले नाही, तिथले कण त्यांनी पुढच्या संवर्धनासाठी उचलले. इतरांना जे अपयश वाटले असते, तीच त्यांची खूण होती! अमोनियाचे नायट्राइट करणारा एक गट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारा दुसरा, असे हे दोन टप्प्यांचे काम असल्याचे त्यांनी दाखवले.

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या टाक्यांमध्ये आज हवा सोडली जाते, त्यात या जिवाणूंना प्राणवायू पुरवणे हाही एक हेतू असतो. अमोनिया तसाच नदीत गेला तर माशांना विषारी ठरतो. पुढे प्राणवायू नसलेल्या टाकीत दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. अमोनिया खाणारे जिवाणू वाढतात मात्र फार सावकाश, त्यामुळे टाकीतला गाळ घाईने काढून टाकला तर तेही वाहून जातात.

१९०५ नंतर विनोग्राड्स्की प्रयोगशाळेपासून दूर, आपल्या शेतीवाडीवर राहिले. रशियन क्रांतीत सारे गमावून ते बेलग्रेडला पोहोचले. १९२२ मध्ये, वयाच्या पासष्टीनंतर, पाश्चर संस्थेचे एमिल रू यांनी त्यांना फ्रान्सला बोलावले. पॅरिसजवळच्या ब्री-कोंत-रोबेर इथे ते पुन्हा मातीकडे वळले. प्रयोगशाळेत आयते अन्न घालून वाढवलेला जिवाणू मातीत तसाच वागेल असे नाही, त्याला त्याच्या मातीतच पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मातीवरच्या त्यांच्या संशोधनाचा ग्रंथ १९४९ मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले.