सव्वा कोटी कार्डांचं ‘सर्च इंजिन’ आणि पॉल ऑटले

लायब्ररीच्या वेबसाइटवर संशोधन लेख सापडतो, तुम्ही लिंकवर क्लिक करता आणि लेख उघडतच नाही. नोंद आहे, लेखही कुठेतरी आहे, तुटलाय तो मधला दुवा. हाच दुवा जोडण्यासाठी बेल्जियमच्या एका वकिलानं आख्खं आयुष्य वेचलं. ते होते पॉल ऑटले.

त्यांचा जन्म १८६८ मध्ये ब्रसेल्सचा. वकिलीत मन रमेना. १८९५ मध्ये त्यांनी हेन्री ला फोंतेन या मित्रासोबत एक ग्रंथसूची संस्था काढली. (ला फोंतेन यांना पुढे १९१३ चं शांततेचं नोबेल मिळालं.) ध्येय एकच होतं: जगात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची, अगदी नियतकालिकातल्या लेखाचीही कार्डावर नोंद ठेवायची. लोक पत्रानं किंवा तारेनं विषय कळवायचे, कर्मचारी कार्डं शोधून त्यांची नक्कल पाठवायचे. कार्डांची संख्या १ कोटी २० लाखांच्या पुढे गेली.

पण कार्ड फक्त पत्ता सांगायचं, लेख हातात द्यायचं नाही. ऑटलेंना ही उणीव ठाऊक होती. १९३४ च्या ग्रंथात त्यांनी टेबलावरच्या पडद्यावर दूरच्या पुस्तकाची पानं दिसतील, अशी कल्पना मांडली. त्याच वर्षी सरकारनं त्यांचं ‘मुंडानियम’ हे केंद्र बंद केलं. जर्मन ताब्याच्या काळात बराच संग्रह नष्ट झाला. १९४४ मध्ये ऑटले गेले. उरलेला संग्रह आज मॉन्स शहरात आहे.

पुढची गोष्टही बेल्जियमचीच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस घेंट विद्यापीठात ‘एसएफएक्स’ ही लिंक जोडणारी प्रणाली तयार झाली. तिच्यात तयार लिंक साठवलेली नसते. तुम्ही क्लिक केल्यावर नियतकालिकाचं नाव, वर्ष, खंड आणि पान क्रमांक बघून, तुमच्या लायब्ररीची वर्गणी कुठे आहे हे तपासून रस्ता तिथल्या तिथे बनतो.

मग तो चुकतो कुठे? नोंदीत वर्ष चुकलेलं असतं, नियतकालिक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलेलं असतं किंवा लायब्ररीची वर्गणी-यादी जुनी झालेली असते. म्हणजे बऱ्याचदा दोष सॉफ्टवेअरचा नसून न सांभाळलेल्या नोंदीचा असतो.

ऑटलेंची कार्डं चोख होती, पण ती सांभाळणारं कुणी उरलं नाही. त्यामुळे पुढच्या वेळी लिंक उघडली नाही, तर टॅब बंद करण्याआधी ग्रंथपालांना कळवा. ती नोंद दुरुस्त झाली, तर पुढच्या वाचकाला लेख मिळेल.