विश्लेषण : पियानोच्या पट्ट्यांना ‘डो-रे-मी’ नावं आली कुठून? हजार वर्षांपूर्वी मठ सोडावा लागलेल्या शिक्षकाची गोष्ट

मोबाइलवर पियानोचं ॲप उघडलं की पहिला प्रश्न पडतो, यातली कुठली पट्टी कुठली? खूण सोपी आहे. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटात असतात. दोनच्या गटाला लागून डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे ‘सी’, आपल्या पेटीवाल्यांची पांढरी एक. तिथून उजवीकडे सी, डी, ई, एफ, जी, ए, बी. याच पट्ट्यांना डो, रे, मी, फा, सोल, ला, टी असंही म्हणतात. या दुसऱ्या नावांचं मूळ इटलीतल्या ग्विदो नावाच्या साधूकडे जातं.

कोण होता ग्विदो?

जन्म दहाव्या शतकाच्या अखेरीचा. पोम्पोझाच्या बेनेडिक्टाइन मठात तो मुलांना स्तोत्रं गायला शिकवायचा. तेव्हा चाली ऐकून पाठ कराव्या लागत. दहा-दहा वर्षं गाऊनही मुलांना न ऐकलेली चाल स्वतःहून म्हणता येत नसे. ग्विदोने रेघांवर स्वर लिहायला सुरुवात केली. ‘एफ’ची रेघ लाल, ‘सी’ची पिवळी. मुलं न ऐकलेली चाल बघून गाऊ लागली. मठातल्या सहकाऱ्यांना मात्र हे खुपलं. त्रास इतका वाढला की त्याने मठ सोडला.

आरेत्सोच्या बिशप थिओडाल्ड यांनी त्याला आसरा दिला, कॅथेड्रलच्या गायकांना शिकवण्याचं काम दिलं. तिथेच 1026च्या सुमारास ‘मिक्रोलोगुस’ हा ग्रंथ झाला.

युक्ती काय होती?

सेंट जॉनच्या एका लॅटिन स्तोत्रात प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते. सहा ओळींची पहिली अक्षरं त्याने घेतली : उत, रे, मी, फा, सोल, ला. अक्षर आठवलं की स्वर आठवतो. यातलं मी ते फा अंतर अर्ध्या स्वराचं. म्हणूनच पियानोवर ई आणि एफच्या मध्ये काळी पट्टी नसते! (पियानो आला जवळपास 700 वर्षांनी. तोही आरेत्सोच्याच टस्कनीत, फ्लॉरेन्सला.)

ख्याती ऐकून पोप जॉन एकोणिसावे यांनी त्याला रोमला बोलावलं, ही पद्धत स्वतः करून पाहिली. पण रोमचा दमट उन्हाळा ग्विदोला सोसला नाही आणि तो परतला. याच रोमभेटीत पोम्पोझाच्या मठाधिपतींनी झाल्या प्रकाराबद्दल माफी मागून त्याला परत बोलावलं होतं. पोम्पोझातल्या मिखाएल या मित्राला लिहिलेल्या पत्रात हे सगळं आहे.

‘उत’चं ‘डो’ सतराव्या शतकात झालं, उच्चारायला सोपं म्हणून. सातवं नाव ‘सी’ही नंतरचंच. इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर या शिक्षिकेने एकोणिसाव्या शतकात त्याचं ‘टी’ केलं. मराठीत तर हा ‘सी’ आणि पट्टीचा ‘सी’ सारखाच दिसतो, त्यामुळे ‘टी’च बरं. इटली, फ्रान्स, पोर्तुगालमध्ये पट्ट्यांची रोजची नावं आजही डो-रे-मीच आहेत. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधली मुलंही याच अक्षरांवर गाणं शिकली.