झेरॉक्सचा जनक चेस्टर कार्लसन आणि पेट घेणारं मशीन

फॉर्म भरायची शेवटची तारीख, बाहेर धो धो पाऊस आणि झेरॉक्सच्या दुकानात लागलेली रांग. इंजिनिअरिंगला असताना हा प्रसंग माझ्यावर दर जुलैमध्ये यायचा. एकदा तर मार्कशीटची कॉपी इतकी फिकट आली की मार्कच वाचता येईनात. दुकानवाल्या काकांनी मशीनला एक शब्द बोलला नाही. त्यांनी ट्रेमधले कागद काढून बाजूला ठेवले आणि शंभरच्या बल्बखाली ठेवलेला कोरडा गठ्ठा आत सरकवला. पुढची कॉपी एकदम कडक आली.

तेव्हा मला ती जादू वाटली होती. पुढे कारण शोधायला गेलो आणि एका माणसाच्या आयुष्यात अडकलो. त्याचं नाव चेस्टर कार्लसन. आपण रोज झेरॉक्स हा शब्द वापरतो, पण हे नाव फार कमी जणांना माहीत असतं.

खुराड्यात राहणारा मुलगा

कार्लसनचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ चा, अमेरिकेतल्या सिएटलचा. वडील न्हावी होते, पण क्षयरोग आणि मणक्याच्या संधिवातानं त्यांना काम करणं अशक्य झालं. चेस्टर लहानपणापासूनच शाळेच्या आधी आणि शाळेनंतर मिळेल ते काम करायचा. चौदाव्या वर्षापर्यंत घर मुख्यतः त्याच्याच कमाईवर चालू लागलं. तो १७ वर्षांचा असताना आई क्षयरोगानं गेली. त्यानंतर बापलेक काही काळ कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात, एका खोलीत राहिले.

शाळेत असताना तो एका छापखानेवाल्याकडे काम करायचा. तिथे त्याला एक जुनं छपाई यंत्र मिळालं आणि त्यावर त्यानं रसायनशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठी छोटं मासिक काढायचा प्रयत्न केला. एकेक अक्षर जुळवून पान तयार करणं किती किचकट असतं, हे त्याला तिथेच कळलं.

पुढे त्यानं कॅल्टेकमधून १९३० साली फिजिक्सची पदवी घेतली. वर्ष बघा, जगभर मंदी होती. त्यानं ८२ कंपन्यांना अर्ज केले आणि एकीनेही नोकरी दिली नाही. कॅम्पस प्लेसमेंट हुकल्यावर रडणाऱ्या माझ्यासारख्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शेवटी न्यूयॉर्कला बेल लॅब्समध्ये काम मिळालं, पण १९३३ मध्ये तेही गेलं. मग मॅलरी नावाच्या कंपनीत पेटंट विभागात तो रुजू झाला.

किचनमधली लॅब

पेटंटच्या कामात एका कागदाच्या अनेक प्रती लागायच्या. कार्बन पेपर तरी वापरा, नाहीतर फोटो काढून घ्या. पहिल्यात चुका व्हायच्या, दुसऱ्यात पैसे जायचे. त्यात कार्लसन रात्री कायद्याचं शिक्षण घेत होता. पुस्तकं विकत घेणं परवडत नव्हतं, म्हणून लायब्ररीत बसून पानंच्या पानं हातानं उतरवून काढायचा. वडिलांचा संधिवात त्यालाही जडला होता आणि नजर अधू होती. म्हणजे कॉपी मशीनची गरज आधी त्याच्या दुखऱ्या पाठीला आणि हाताला होती, ऑफिसांना नंतर.

मोठ्या कंपन्या फोटोग्राफीच्या मागे असणार हे त्यानं ओळखलं आणि तो वेगळ्या वाटेनं गेला. काही पदार्थांवर उजेड पडला की ते वीज वाहून नेतात आणि अंधारात नेत नाहीत. या गुणधर्माचा वापर करायचं त्यानं ठरवलं. किचनमध्ये गंधक वितळवायचा, घरभर वास सुटायचा. शेवटी त्यानं अ‍ॅस्टोरिया भागात एक खोली भाड्यानं घेतली आणि ऑटो कोर्नेई नावाच्या ऑस्ट्रियातून आलेल्या इंजिनिअरला मदतीला ठेवलं.

२२ ऑक्टोबर १९३८. जस्ताच्या पत्र्यावर गंधकाचा थर, त्यावर रुमाल घासून तयार केलेला स्थिर विद्युत भार. काचेच्या पट्टीवर शाईनं तारीख आणि अ‍ॅस्टोरिया हे नाव लिहून ती पत्र्यावर ठेवली आणि वरून काही सेकंद प्रखर उजेड पाडला. उजेड पडला तिथला भार निघून गेला, अक्षरांच्या सावलीतला टिकून राहिला. मग वरून बारीक पूड टाकून फुंकर मारली. अक्षरांवरची पूड चिकटून राहिली. ती मेणकागदावर उचलून घेतली. जगातली पहिली झेरॉक्स तयार झाली होती.

आजही तुमच्या कोपऱ्यावरचं मशीन हेच करतं. पत्र्याच्या जागी ड्रम, पुडीच्या जागी टोनर, मेणाच्या जागी टोनर वितळवून कागदात पक्का करणारा गरम फ्युजर.

नकार, नकार आणि नकार

शोध लागला म्हणजे गाडी सुटली, असं झालं नाही. १९३९ ते १९४४ या काळात वीसहून जास्त कंपन्यांनी त्याला नकार दिला. त्यात आयबीएम, कोडॅक आणि जनरल इलेक्ट्रिकही होत्या. धुरकट अक्षरांचा एक तुकडा बघून त्यांना पुढचं काही दिसलं नाही. १९४२ मध्ये पेटंट मिळालं, पण त्याच काळात कोर्नेई दुसऱ्या नोकरीवर गेला होता आणि १९४५ मध्ये कार्लसनचं पहिलं लग्नही मोडलं.

१९४४ मध्ये ओहायोमधल्या बॅटेल या संशोधन संस्थेनं त्याच्या कामात पैसे घातले. तिथल्या शास्त्रज्ञांनी गंधकाच्या जागी सेलेनियम वापरलं आणि चित्र स्पष्ट येऊ लागलं. मग रॉचेस्टर शहरातली हॅलॉईड ही फोटोचा कागद बनवणारी छोटी कंपनी पुढे आली. तिचा प्रमुख जोसेफ विल्सन यानं कंपनीचं भवितव्यच यावर लावलं. कोरडं लेखन अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून झेरोग्राफी हे नाव ठरलं. पहिल्या प्रयोगाला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, २२ ऑक्टोबर १९४८ ला, ते जगाला दाखवलं गेलं.

१९४९ चं पहिलं मशीन मात्र ऑफिससाठी बेकार होतं. एका कॉपीसाठी हातानं कितीतरी गोष्टी कराव्या लागायच्या. चालतंय आणि वापरता येतंय यातला फरक प्रत्येक डेव्हलपरला माहीत असतो. तो भरून काढायला आणखी दहा वर्षं गेली.

९१४: चालणारं, अडकणारं, पेटणारं

१६ सप्टेंबर १९५९ ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात झेरॉक्स ९१४ दाखवलं गेलं. बटण दाबा, साध्या कागदावर कॉपी घ्या, मिनिटाला सात. तिथे दोन मशीन ठेवली होती आणि त्यातल्या एकानं पेट घेतला. लाँचच्या दिवशीच!

असं का व्हायचं? टोनर कागदावर पक्का करायला मशीनमध्ये तापलेला भाग लागतो. त्याच भागात कागद अडकला की तो करपायचा, कधी पेटायचा. कंपनी मशीनसोबत आग विझवायचं छोटं नळकांडंही द्यायची आणि त्याला नाव दिलं होतं करपणं थांबवणारं यंत्र. मार्केटिंगवाले तेव्हाही तसेच होते.

शिवाय मशीन जवळपास ३०० किलोचं. मग असलं धूड विकलं कसं गेलं? खरं तर बहुतेकांनी ते विकत घेतलंच नाही. कंपनीनं ते महिना ९५ डॉलर भाड्यानं दिलं. पहिल्या २००० कॉपी त्यातच, पुढच्या प्रत्येक कॉपीला काही सेंट.

मला या कहाणीत सगळ्यात हुशार हीच गोष्ट वाटते. मशीन गिऱ्हाईकाचं असतं तर बिघाडाचा खर्चही त्याच्याच माथी आला असता. इथे मशीन कंपनीचं होतं. ते बंद पडलं की मीटर थांबणार आणि नुकसान कंपनीचं. त्यामुळे चांगली सर्व्हिस देणं ही मेहरबानी उरली नाही, तो धंदाच झाला. मशीन वारंवार बिघडायचं, लोक अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त कॉपी काढायचे, पण दुरुस्तीला माणूस येत होता. त्याआधी आयबीएमनं नेमलेल्या सल्लागारांनी अशी जेमतेम ५००० मशीन खपतील असा अंदाज दिला होता. तो साफ चुकला. हॅलॉईड १९६१ मध्ये झेरॉक्स कॉर्पोरेशन झाली.

पुन्हा आपल्या दुकानात

आता काकांच्या बल्बचं गणित सुटतं. ड्रमवरचा टोनर कागदावर येतो तो विद्युत भाराच्या ओढीनं. कागद दमट असेल तर भार त्यातून निसटतो, टोनर नीट उडी मारत नाही आणि कॉपी फिकट येते. दमट कागद वाकतो, म्हणून जॅमही जास्त होतो. धुळीचा कण ड्रमवर घासला तर चरा पडतो आणि प्रत्येक कॉपीवर त्याच जागी रेघ येते. व्होल्टेज वरखाली झालं तर सर्किट उडतं, म्हणून दुकानात स्टॅबिलायझर. काकांना यातलं फिजिक्स कुणी शिकवलं नव्हतं. कार्लसननं रुमाल घासून जे साधलं, तेच ते पावसात आणि धुळीत रोज टिकवून दाखवत होते.

पैसा आला तेव्हा

कार्लसन साठच्या दशकात प्रचंड श्रीमंत झाला, पण साधाच राहिला. दुसरी पत्नी डॉरिस हिच्यामुळे त्याला वेदान्त आणि झेन यांची ओढ लागली. आपल्याकडचे जवळपास १० कोटी डॉलर त्यानं वाटून टाकले, त्यातले बरेचसे नाव न लावता. कोर्नेईलाही त्यानं कंपनीचे शेअर पाठवले होते. १९ सप्टेंबर १९६८ ला न्यूयॉर्कमधल्या एका सिनेमागृहात सिनेमा बघताना हृदयविकारानं तो गेला. वय ६२.

मी स्वतः सॉफ्टवेअर लिहितो. रात्री दोनला सर्व्हर पडला की चिडचिड होते. अशा वेळी मला लाँचच्या दिवशी पेटलेलं ते मशीन आठवतं आणि बल्बखालचा कागदाचा गठ्ठाही. शोध लावायला एक कार्लसन पुरला, पण तो चालू ठेवायला आजवर हजारो हात लागले आहेत. पुढच्या वेळी झेरॉक्सच्या रांगेत मशीन अडकलं, तर काकांवर ओरडू नका. दोन मिनिटं थांबा आणि ते नेमकं काय करतात ते बघा.