सर जॉन ओल्डकॅसल, लॉर्ड कॉबम

सुमारें सहाशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांत पवित्र शास्त्र स्वभाषेंत वाचणें मोठें धोक्याचें होतें. जॉन विक्लिफ याच्या अनुयायांस लोलार्ड म्हणत. त्यांनीं शास्त्राचें इंग्रजी भाषांतर हातानें लिहून गुप्तपणें पसरविलें. १४०१ सालच्या कायद्यानें पाखंडी ठरलेल्यांस जिवंत जाळण्याची शिक्षा ठेविली होती. अशा काळीं ज्या सरदारानें या लोकांस आश्रय दिला त्याचें हें चरित्र आहे.

जॉन हा वेल्सच्या सरहद्दीवरील हेरफर्ड परगण्याचा. वेल्समधील लढायांत राजपुत्र हेन्री याचा तो विश्वासू सोबती झाला. १४०८ सालीं कॉबम घराण्याची वारस जोन हिच्याशीं त्याचा विवाह झाला. या बाईचे पूर्वीचे तीन पति वारले होते. विवाहानें केंट परगण्यांतील कूलिंगचा किल्ला जॉनच्या हातीं आला व १४०९ सालीं तो पार्लमेंटांत लॉर्ड म्हणून बसला.

मान व संपत्ति मिळाली म्हणजे पुष्कळांचा विश्वास थंडावतो. त्याचा थंडावला नाहीं. १४१० सालीं त्याच्या आश्रयास असलेल्या एका पाळकानें कूलिंग येथें लोलार्ड मताचा उपदेश केला, म्हणून आर्चबिशपनें तेथील देवळांतील उपासना बंद केली.

१४१३ सालीं राजपुत्र हेन्री राजा झाला. त्यानें आपल्या जुन्या मित्राची स्वतः समजूत घातली, परंतु ती व्यर्थ गेली. प्रभुभोजनांतील भाकर ही भाकरच राहते व तारणासाठीं पाळकाजवळ पापें कबूल करणें आवश्यक नाहीं, असें त्यानें न्यायसभेपुढें निर्भयपणें सांगितलें. तो पाखंडी ठरला. मत बदलण्यास त्यास ४० दिवसांची मुदत मिळाली; तेवढ्यांत तो लंडनच्या टॉवरमधून निसटला.

येथें मात्र त्याचा पाय घसरला. जानेवारी १४१४ मध्यें त्याच्या पक्षाच्या लोकांनीं राजाविरुद्ध बंड आरंभिलें. लंडनबाहेरील सेंट जाइल्सच्या मैदानांत रात्रीं जमणाऱ्या लोकांवर राजाचें सैन्य आधींच टपून बसलें होतें. कित्येक गरीब कारागीर फांशीं गेले, पुढारी निसटला. पुढें जवळजवळ चार वर्षें तो लपून राहिला. १४१७ सालीं वेल्समध्यें तो जखमी होऊन सांपडला, आणि १४ डिसेंबर रोजीं त्याच मैदानांत त्यास टांगून जाळण्यांत आलें. जोनबाई त्याच्यामागें १४३४ पर्यंत जगली.

प्रिय वाचकहो, न्यायसभेंतील त्याचें धैर्य आपण घ्यावें. परंतु प्रभूनें पेत्रास तरवार म्यानांत घालावयास कां सांगितलें, हेंही विसरूं नये. बंडानें लोलार्डांवरील छळ अधिकच वाढला. तरी घरोघरीं शास्त्र वाचणारे उरलेच. पुढें १५३८ सालीं प्रत्येक देवळांत इंग्रजी शास्त्र ठेवावें असा राजाचाच हुकूम निघाला.