बोटांना लिपी देणारे लुई ब्रेल

फ्रान्समध्ये पॅरिसजवळ कूपव्रे नावाचे एक लहानसे खेडे आहे. तेथे ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. त्यांचे वडील घोड्यांची खोगिरे व लगाम तयार करणारे कारागीर होते. तीन वर्षांचा लुई एके दिवशी वडिलांच्या अवजारांशी खेळत असताना एका अणकुचीदार अवजाराचे टोक त्याच्या डोळ्यात घुसले. जखम चिघळली, तिचा संसर्ग दुसऱ्या डोळ्यालाही झाला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत लुईची दृष्टी पूर्णपणे गेली.

त्या काळी गरीब घरातील अनेक अंधांच्या नशिबी भीक मागणेच येई. लुईच्या आईवडिलांनी मात्र त्याला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. वडिलांनी करून दिलेल्या काठीच्या आधाराने तो गावात हिंडू लागला. फळीवर खिळे ठोकून त्यांनी अक्षरांचे आकार घडवले आणि मुलाची बोटे त्यांवरून फिरवली. गावच्या धर्मगुरूंनी त्याला शिकवले. पुढे गावच्या शाळेनेही त्याला इतर मुलांच्या बरोबरीने बसवून घेतले. ऐकलेले ध्यानात ठेवण्यात तो हुशार होता. परंतु इतर मुले पुस्तके उघडीत, तेव्हा त्याला हातावर हात ठेवून बसावे लागे.

दहा वर्षांचा असताना, १८१९ मध्ये, लुई पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला. तेथील पुस्तकांत नेहमीचीच अक्षरे मोठ्या आकारात कागदावर उठवलेली असत. ती चाचपून वाचण्यात फार वेळ जाई. पुस्तके जड आणि मोजकीच होती. शिवाय त्या पद्धतीने मुलांना स्वतः लिहिणे जवळजवळ अशक्य होते. ती अक्षरे डोळ्यांसाठी घडलेली होती, बोटांसाठी नव्हे.

१८२१ मध्ये चार्ल्स बार्बिये यांनी शोधलेली उठावदार ठिपक्यांची पद्धत या शाळेत पोहोचली. तीत एका चिन्हासाठी बारापर्यंत ठिपके लागत. एवढे ठिपके बोटाच्या एका स्पर्शात मावत नसत. लुईने त्यांची संख्या सहावर आणली. या सहा ठिपक्यांच्या मांडणीतून ६३ चिन्हे तयार होतात. अक्षरे, अंक, विरामचिन्हे, एवढेच नव्हे तर संगीताची स्वरलिपीही त्यांत बसते. १८२४ मध्ये या पद्धतीची रूपरेषा तयार झाली, तेव्हा लुई अवघा पंधरा वर्षांचा होता.

पुढे ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. १८२९ मध्ये त्यांनी आपल्या लिपीचे पुस्तक प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांनी ती आनंदाने आत्मसात केली. डोळस शिक्षक मात्र साशंक होते. वेगळ्या लिपीमुळे अंध व्यक्ती समाजापासून तुटतील, असा त्यांचा आक्षेप होता. काही काळ शाळेत या लिपीला मज्जावही झाला. तरी विद्यार्थ्यांनी ती सोडली नाही. ब्रेल यांनी आक्षेपाला कृतीने उत्तर दिले. अंध व्यक्तीने लिहिलेले डोळसांनाही वाचता यावे, अशी ठिपक्यांनी नेहमीची अक्षरे काढण्याची पद्धत त्यांनी १८३९ मध्ये मांडली. तिच्यामुळे अंध मुलाला घरच्यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिणे शक्य झाले.

क्षयरोगाने ६ जानेवारी १८५२ रोजी ब्रेल यांचे निधन झाले. त्यांच्या लिपीला फ्रान्समध्ये अधिकृत मान्यता मिळाली ती १८५४ मध्ये. १९५२ मध्ये त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात सन्मानाने नेण्यात आले. हातांचे अवशेष मात्र कूपव्रेनेच जपून ठेवले.

भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये भारती ब्रेल ही समान लिपी स्वीकारण्यात आली. मराठी, बंगाली आणि तमिळ यांतील ‘क’ डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. पण ब्रेलमध्ये बोटांना ते एकच लागतात. जी लिपी माणसांना तोडील अशी भीती होती, तिनेच अशा रीतीने अनेक भाषांना एका धाग्यात गुंफले.