‘५३-एन’ची बाटली आणि परळचे हाफकिन

नायगावच्या बीडीडी चाळींतून भोईवाडा ओलांडून परळकडे निघाले, की केईएम, वाडिया आणि टाटा या रुग्णालयांच्या गजबजाटात आचार्य दोंदे मार्गावर झाडांनी वेढलेले एक जुने आवार लागते. ‘हाफकिन’ हे नाव या परिसरातील गिरणगावच्या पिढ्यान् पिढ्यांच्या तोंडी रुळले आहे. सर्पदंशावरील औषध आणि पोलिओचे डोस यांमुळे ते राज्यभर पोहोचले. मात्र ते ज्याचे नाव, त्या माणसाच्या आयुष्याची घडी एका बाटलीवरील क्रमांकाने कशी विस्कटली, हे मुंबईकरांना फारसे ठाऊक नसते. आज औषधाच्या वेष्टनावरील चौकोनी कोड मोबाइलसमोर धरून त्याचा कारखाना आणि तुकडी तपासता येते. ही सोय का हवी, याचा एक मोठा धडा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी परळहून निघालेल्या लशीच्या बाटलीने घालून दिला होता.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात इल्या मेच्निकॉव्ह यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. परंतु झारच्या रशियात ज्यू विद्यार्थ्याला पुढची वाट नव्हती. धर्म बदलला असता तर अध्यापकाचे पद मिळाले असते. हाफकिन यांनी ते नाकारले. ज्यू वस्त्यांवरील हल्ल्यांच्या काळात स्वसंरक्षण पथकात उतरल्याबद्दल त्यांना अटकही झाली होती. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला, जिनिव्हात काही काळ काढला आणि १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे मिळालेले काम होते सहायक ग्रंथपालाचे. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी पटकीच्या जीवाणूंवर प्रयोग केले आणि १८ जुलै १८९२ रोजी आपली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

१८९३ मध्ये ते भारतात आले. आग्रा, कोलकात्याच्या वस्त्या, आसामचे चहामळे असा त्यांचा प्रवास झाला आणि सुमारे दोन वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी पटकीची लस दिली. मलेरियाने पोखरलेले शरीर घेऊन ते युरोपात परतले, पुन्हा आले, आणि तोच १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत उतरले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच सरंजाम मिळाला. त्यांनी तेथे शोधलेली युक्ती अस्सल देशी होती. मांसरसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत सोडायचे. त्या थेंबांच्या खालच्या बाजूने प्लेगचे जीवाणू गुहेतल्या लोंबत्या दगडी सुळक्यांसारखे वाढत. ठरावीक दिवसांनी चंबू हलवून ते खाली पाडायचे, मग पुन्हा वाढू द्यायचे. अखेरीस उष्णता देऊन जीवाणू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालून बाटल्या भरायच्या. १० जानेवारी १८९७ रोजी ही लसही त्यांनी आधी स्वतःच्याच अंगावर घेतली. त्या महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर चाचणी झाली. आगाखान तिसरे यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतल्यावर त्यांच्या खोजा अनुयायांपैकी हजारोंनी दंड पुढे केले.

त्या दिवसांत सरकारी प्लेगप्रतिबंधाचा अर्थ घरझडती, सक्तीचे स्थलांतर आणि सामानाची होळी असाच होता. पुण्यात त्याचा शेवट जून १८९७ मध्ये रँडवधात झाला. हाफकिन यांचा मार्ग वेगळा होता. लस ऐच्छिक असावी, असा त्यांचा आग्रह राहिला. गोऱ्या लष्करी डॉक्टरांच्या वर्तुळात रशियातून आलेला हा बिगरडॉक्टर ज्यू शास्त्रज्ञ उपराच होता, हे पुढे जे घडले ते समजून घेताना विसरून चालत नाही.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये आली. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा याच वास्तूत पटकीने मृत्यू झाला होता आणि गव्हर्नरांनी आपले बिऱ्हाड मलबार हिलला हलवले होते. पटकीने रिकामी केलेली वास्तू अशा तऱ्हेने पटकीची लस शोधणाऱ्याच्या हाती आली.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग पेटला आणि लशीची मागणी एकदम फुगली. उत्पादन वाढावे म्हणून हाफकिन यांनी मांसरसाऐवजी अगार वापरण्याची पद्धत घेतली आणि कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस देण्यात आली. आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताने गाठले. एकही वाचला नाही. उरलेल्या ८८ जणांना काहीही झाले नव्हते.

टोचणीची नोंद तपासताच उलगडले, की ही १९ माणसे एकाच बाटलीतून लस घेतलेली होती. तिच्यावरचा क्रमांक होता ‘५३-एन’. परळच्या नोंदींत ती कधी भरली गेली, हेही होते: उघडली जाण्याच्या सुमारे पाच-सहा आठवडे आधी. एका खेड्यातील मृत्यूंपासून थेट मुंबईतील भरणीच्या दिवसापर्यंत माग लागला. त्या काळाच्या मानाने ही नोंद-व्यवस्था चोखच म्हणावी लागेल.

तिचाच हाफकिन यांना फटका बसला. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने, दूषण बाटली गावात उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळमध्येच झाले असावे, असा निष्कर्ष काढला. कार्बोलिक आम्ल वगळण्याचा निर्णय त्यांच्या अंगाशी आला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले.

खरी मेख येथेच आहे. बाटलीवरचा क्रमांक ती कोठे व कधी भरली एवढेच सांगत होता. परळचा दरवाजा ओलांडल्यापासून मुल्कोवालच्या टेबलापर्यंत तिचे काय झाले, बूच कोणी काढले, कशाने काढले, याची नोंद बाटलीवर कोठेच नव्हती. ज्या टोकाची नोंद होती, त्या टोकाला दोष गेला. आजचे वेष्टनतंत्र ही मधली पोकळी भरण्याच्या खटपटीत आहे. पोलिओच्या कुपीवर १९९६ पासून एक लहानशी खूण असते. वर्तुळातील चौकोन उष्णतेने गडद होत गेला, की कुपी वाटेत तापल्याचे परिचारिकेला तत्काळ कळते. भारतात ऑगस्ट २०२३ पासून ठरवून दिलेल्या ३०० औषध-ब्रँडच्या वेष्टनावर बारकोड वा क्यूआर कोड बंधनकारक झाला असून त्यात उत्पादक, तुकडी क्रमांक, निर्मितीची आणि वापराच्या मुदतीची तारीख व परवाना क्रमांक असतो. करोनाच्या लसीकरणात ‘कोविन’च्या प्रमाणपत्रावर तुकडीचा क्रमांक छापला गेला, तो ‘५३-एन’च्याच वंशातला. तरीही वेष्टन फोडल्यानंतरच्या क्षणाची हमी यांपैकी कोणतीही खूण देत नाही, हे मान्य करावे लागेल.

तो क्षणच पुढे निर्णायक ठरला. मुल्कोवालच्या साक्षीपुराव्यांत एक बारीक तपशील दडलेला होता. बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करता, कार्बोलिकच्या द्रावणात जेमतेम बुडवून तोच बुचासाठी वापरला गेला होता. धनुर्वाताचे जीवाणू मातीत असतात. शिवाय ते बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले असते, तर उघडताच दुर्गंधी सुटली असती. तशी ती सुटली नव्हती. मलेरियावरील संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस यांनी हा मुद्दा लावून धरला. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांचे पत्र छापून आले. फ्रान्समधील ड्रायफस खटल्याशी या प्रकरणाची तुलना होऊ लागली आणि सरकारला माघार घ्यावी लागली.

निर्दोषत्व मिळाले, परळ मिळाले नाही. त्यांच्या जागी दुसरा अधिकारी बसलेला होता. हाफकिन कोलकात्यास रुजू झाले, पण माणसांवर लशीच्या चाचण्या घेण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. उमेदीची वर्षे निघून गेली होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.