चौथी भट्टी

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वीणा गवाणकर यांच्या 'एक होता कार्व्हर' ह्या १९८१ साली निघालेल्या पुस्तकाने ते घरोघर पोहोचविले. परंतु ज्या संस्थेत कार्व्हर यांनी आपले आयुष्य वेचले, ती स्थापन करणारे आणि तिच्या भिंती विद्यार्थ्यांच्याच हातांनी उभारून घेणारे बुकर टी. वॉशिंग्टन आपल्याकडे त्या मानाने उपेक्षितच राहिले. बांधकामाचे शिक्षण देण्याघेण्याशी ज्यांचा संबंध येतो, त्यांनी तरी हे चरित्र नजरेखालून घालावयास हवे.

व्हर्जिनियातील एका मळ्यावर १८५६ साली वॉशिंग्टन गुलाम म्हणून जन्मले. १८६५ साली मुक्ती मिळाली, ती मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत राबण्यापुरती. १८७२ साली शेकडो मैलांचा प्रवास करून ते हॅम्पटनच्या विद्यालयाच्या दारी पोहोचले, तेव्हा त्यांची प्रवेशपरीक्षा घेतली गेली ती एक खोली झाडावयास सांगून. ती त्यांनी तीन वेळा झाडली.

अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे ४ जुलै १८८१ रोजी तीस विद्यार्थ्यांनिशी शाळा सुरू झाली. छप्पर इतके गळके की पावसात एखादा विद्यार्थी गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही. पुढे शंभर एकरांचा एक उजाड मळा कर्जाऊ रकमेच्या आधाराने घेतला गेला. त्यावर एक जुने स्वयंपाकघर, एक तबेला, कोंबड्यांचे एक खुराडे अशा मोजक्याच वास्तू होत्या. तबेला आणि खुराडे साफसूफ करून, डागडुजी करून तेथे वर्ग भरू लागले. ह्या विद्यार्थ्यांचा बांधकामातील पहिला धडा तो हाच.

विटा विकत आणाव्यात, असे कोणीही शहाण्याने सांगितले असते. शाळेपाशी पैसा नव्हता आणि वीट पाडण्याचा अनुभवही नव्हता. वॉशिंग्टन यांनी विटा पाडावयाचे ठरविले. गुडघाभर चिखलात उभे राहणे विद्यार्थ्यांना अपमानास्पद वाटे. शिकावयाचे ते हातांचे कष्ट टाळण्यासाठीच, ही समजूत तेथेही होती. सुमारे पंचवीस हजार विटांची पहिली भट्टी वाया गेली. दुसरी बिघडली. तिसरी आठवडाभर जळत राहिली आणि काम फत्ते होण्याच्या बेतात असताना मध्यरात्री कोसळली. सहकाऱ्यांनी नाद सोडण्याचा सल्ला दिला. वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरी शहरी जाऊन आपले घड्याळ पंधरा डॉलरांना गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली. घड्याळ मात्र सुटले नाही. पुढे एका हंगामात बारा लक्ष विटा पाडण्यापर्यंत संस्थेची मजल गेली आणि ज्या गोऱ्या शेजाऱ्यांना ही शाळा डोळ्यांत सलत होती, तेही विटा घेण्यासाठी तिच्या दारी येऊ लागले.

विद्यार्थ्यांनी बांधलेली पहिली घरे ओबडधोबड असणार, हे वॉशिंग्टन यांनी आरंभीच मान्य केले होते. आमच्या मते त्यांच्या मोठेपणाचे मर्म येथे आहे. शिकाऊ हातांना चूक करण्याची मुभा हवी, आणि ती चूक पोटात घालण्याची तयारी संस्थेची हवी. आपल्याकडे विटांचे थर कागदावर काढून पदविका मिळू शकते. मग पहिली खरी चूक होते ती कोणा भाडेकऱ्याच्या डोक्यावरील छपरात. १८९२ साली रॉबर्ट टेलर हे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयातून पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय वास्तुशास्त्रज्ञ टस्कीगीस आले आणि कारागिरीला आरेखनाची जोड मिळाली. १९०० च्या सुमारास आवारात चाळीस इमारती होत्या. त्यांपैकी चार वगळता बाकी सर्व मुख्यतः विद्यार्थ्यांच्या श्रमांतून उभ्या होत्या. नवा विद्यार्थी भिंतीवर चाकूने नाव कोरू लागला, तर जुना त्याला हटकीत असे. ती भिंत त्याने स्वतः रचलेली असे.

ह्या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९५ साली अटलांटा येथील भाषणात वॉशिंग्टन यांनी आपल्या लोकांना आधी उद्योग, हक्क मागाहून, असा मार्ग दाखविला. ड्यू बॉइस यांनी १९०३ साली ह्या धोरणावर कठोर टीका केली, आणि ती गैरवाजवी नव्हती. ज्याच्या हाती थापी दिली त्याला मतपत्रिकेची गरज नाही, असा सोयीचा अर्थ गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी काढला. अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ हिरावून घेतला. तिच्याविरुद्धच्या न्यायालयीन लढ्याला वॉशिंग्टन गुप्तपणे पैसा पुरवीत होते, हे पुढे त्यांच्या कागदपत्रांवरून उघड झाले. परंतु गुप्त मदतीने जाहीर मौनाची भरपाई होत नाही. हातांचे शिक्षण श्रेष्ठ खरे. ते एकाच जातीच्या किंवा वर्णाच्या कपाळी लिहिले की तेच बेडी ठरते. हे आपल्याला कोणी परक्याने येऊन सांगावयास नको.

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत वॉशिंग्टन पुन्हा लहान बांधकामांकडेच वळले. शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या देणगीतून काही रक्कम शिल्लक होती. तीतून १९१२ साली टस्कीगीच्या आसपास सहा छोट्या ग्रामशाळा बांधण्याची योजना त्यांनी आखली. गावकऱ्यांनी पैसा, लाकूड आणि श्रम द्यावेत, उरलेला भार देणगीने उचलावा, अशी ती व्यवस्था होती. १४ नोव्हेंबर १९१५ रोजी वॉशिंग्टन वारले. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत अशा सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. त्यांचे आरंभीचे नकाशे टस्कीगीतच काढले गेले होते.